स्पेक्ट्रोवर कार्बन जागेवर बसेना, मालक म्हणतात लेझर घेऊ

भट्टीकाठी

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका जॉबिंग फाउंड्रीत आहे. लॅब माझ्याकडं, आणि मेल्टर रजेवर गेला की भट्टीपण माझ्याच गळ्यात. ५०० किलोची इंडक्शन. बहुतेक माल एफजी २६० (२६० एमपीए ताकदीचं करडं बीड), अधेमधे एसजीच्या (मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइट गोल केलेल्या बीडाच्या) हीट.

अडचण अशी आहे. आमचा स्पेक्ट्रो, म्हणजे सॅम्पलवर ठिणगी पाडून धातूत काय किती ते सांगणारं मशीन, जुना, पण चालू आहे. सर्व्हिसवाला येऊन बघून जातो, ड्रिफ्ट मारतो (सरकलेले आकडे परत जुळवतो), सही करतो. बाकी सगळं नीट येतं, एकटा कार्बन काही केल्या जागेवर बसत नाही. कालचं एक सॅम्पल, त्याच्यावरच लागोपाठ तीन बर्न, म्हणजे तीन ठिणग्यांच्या मोजण्या, आकडे टक्क्यांत, हे बघा:

कार्बन ३.४१, ३.१९, ३.३०
सिलिकॉन १.९४, १.९५, १.९४
मँगनीज ०.६८, ०.६७, ०.६८
फॉस्फरस ०.०६१, ०.०६२, ०.०६१

यातला कुठला खरा धरायचा? मागच्या आठवड्यात एका हीटला सरासरी ३.२२ आली. कमी वाटला म्हणून सीपीसी (भाजलेला पेट्रोलियम कोक) टाकून कार्बन वर आणला. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग होतं. टेस्ट बार २२८ ला तुटला. पाहिजे २६०. हार्डनेसपण खाली. अख्खी हीट परत भट्टीत.

सॅम्पल कसं घेतो ते पण सांगतो, नाहीतर कुणीतरी विचारणारच. लाडलमध्ये इनॉक्युलंट टाकून ढवळलं की चमच्यानं घेतो, कारण भट्टीच्या तोंडाशी उभं राहवत नाही. मोल्ड एमएसचा (साध्या पोलादाचा), दोन भागांचा, आमच्याच टर्नरकडून करून घेतलेला. सॅम्पल १२ मिमी जाड पडतं. पाण्यात विझवायचं, घासायचं, स्पेक्ट्रोवर ठेवायचं.

आता दुसरी भानगड. मालक पुण्याला प्रदर्शन बघून आले. तिथं कुणीतरी पडद्यावर दाखवलं म्हणे, वितळलेल्या धातूवर थेट लेझर मारायचा, सॅम्पल नाही, घासणं नाही, दर काही सेकंदाला कार्बन-सिलिकॉन समोर. "रिअल टाइम" हा शब्द तेव्हापासून दिवसातून दहा वेळा ऐकतोय. किंमत ऐकल्यावर मी स्टुलावर बसलो. हे खरंच चालतं का? की आहे तोच स्पेक्ट्रो दुरुस्त करून घ्यावा?

जुगाड_इचलकरंजी

भावा एवढा कशाला विचार करतोस. हातातली एक्सआरएफ गन घे सेकंडहँड. आमच्या स्क्रॅपवाल्याकडं आहे, ट्रिगर दाबला की ३०४ का ३१६ लगेच सांगते. नाद खुळा वस्तू. दारातच माल तपासता येतो.

लॅबवाले काका

गन आधी खाली ठेवा. स्टेनलेस निवडायला ती उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण एक्सआरएफला कार्बन दिसतच नाही. कार्बनमधून निघणारे क्ष-किरण इतके दुबळे असतात की गनच्या काचेपर्यंत पोचायच्या आत हवेतच जिरतात. ज्याला कार्बनची अडचण आहे त्याला गन देऊन काय होणार?

आता भट्टीकाठी, तुझ्याकडं वळतो. माझी नोकरी फाउंड्रीच्या लॅबमध्येच गेली, स्ट्रोलाइनवर (सॅम्पल जाळून निघणारा वायू मोजायच्या जुन्या यंत्रावर) कार्बन काढायच्या जमान्यापासून. निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

तू चार ओळी टाकल्यास, त्या चार ओळींतच उत्तर आहे. कार्बनकडं बघू नको, फॉस्फरसकडं बघ. ०.०६१, ०.०६२, ०.०६१. खडकासारखा. हे फार महत्त्वाचं आहे, का ते सांगतो. ठिणगी पडली की सॅम्पलचा पृष्ठभाग वाफ होतो, अणू पेटतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतं. आतली ग्रेटिंग तो प्रकाश फाकवते आणि ज्याच्या त्याच्या रेषेवर बसलेला डिटेक्टर मोजतो. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरला. फॉस्फरसची १७८ ला, सल्फरची १८० च्या आसपास. २०० च्या खालचा प्रकाश हवेतला ऑक्सिजन गिळतो. म्हणून तर मशीनच्या पोटात व्हॅक्यूम असतो किंवा आर्गॉन फिरत असतो. तिथं गडबड झाली, व्हॅक्यूम पंप थकला, आर्गॉन ओला आला, काच काजळली, तर पहिला बळी फॉस्फरस आणि सल्फरचा जातो, कार्बनचा नंबर नंतर. आणि त्या आजारात आकडे उड्या मारत नाहीत, दिवसभरात हळूहळू खाली सरकत जातात. तुझा फॉस्फरस शांत बसलाय. म्हणजे मशीनचं पोट साफ आहे. सिलिकॉन, मँगनीज दुसऱ्या दशांशात एका अंकापलीकडं हलत नाहीत, म्हणजे ठिणगीपण नीट बसतेय. सर्व्हिसवाल्याला बोलावून पैसे घालवू नको.

राहिलं काय? सॅम्पल.

कालची ती चकती अजून असेल तर व्हाइसमध्ये धर, हातोड्यानं मोड आणि मोडलेली कड उजेडात बघ. चांगलं स्पेक्ट्रोचं सॅम्पल आतून पांढरं, चकचकीत, कडेकडून मध्याकडं सुया गेल्यासारखं दिसतं. मला खात्री आहे तुझं मध्यभागी करडं असणार. करडं म्हणजे ग्रॅफाइट. बीड पांढरं गोठलं तर सगळा कार्बन लोखंडाशी बांधलेला राहतो, सिमेंटाइट म्हणून, सगळीकडं सारखा पसरलेला. करडं गोठलं की तो सुटा होऊन ग्रॅफाइटच्या पाकळ्या होतात. ठिणगीच्या पहिल्या काही सेकंदांत मशीन काहीच मोजत नाही, पृष्ठभाग वितळवून एकसारखा करत असतं, त्याला प्रीबर्न म्हणतात. पांढऱ्या सॅम्पलला त्याचा फायदा होतो. करड्याला होत नाही, कारण ग्रॅफाइट लोखंडासारखा वितळत नाही, मोजणी सुरू व्हायच्या आतच उडून जातो. किती उडेल ते त्या जागी पाकळ्या किती, यावर. म्हणून ३.४१ आणि ३.१९. आणि म्हणूनच असा चुकलेला कार्बन बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच वाचतो. तुझ्या बारची गोष्ट याच्याशी तंतोतंत जुळते: रिपोर्ट ३.२२, प्रत्यक्षात आधीच जास्त, वरून सीपीसी. बार २२८ लाच तुटणार, दुसरं काय होणार?

आता सॅम्पल करडं का झालं तेही तूच लिहिलंयस. इनॉक्युलंट टाकल्यावर घेतो म्हणालास. अरे बाबा, इनॉक्युलंट टाकतातच कशाला? ग्रॅफाइट नीट सुटावा म्हणून. त्यातलंच बीड घेऊन ते पांढरं गोठावं अशी अपेक्षा ठेवायची? एफजीचं सॅम्पल भट्टीतून घ्यायचं, इनॉक्युलंटच्या आधी. उष्णता लागते, कबूल आहे, लांब दांड्याचा चमचा करून घे. दुसरं, १२ मिमी फार जाड. ४ ते ६ मिमीच्या चकतीवर ये. तिसरं, मोल्ड तांब्याचा कर. एमएसचा मोल्ड दोन-तीन हीटनंतर तापून बसतो आणि मग चिल (झटकन गार होऊन पांढरं गोठणं) कसली येते. तांब्याचाही तापतो, म्हणून दोन ठेव, एक गार होईपर्यंत दुसरा. गार म्हणजे कोरडा गार, पाण्यात बुडवून आणलेला नाही. ओल्या मोल्डमध्ये बीड ओतणाऱ्याचे हात मी बघितलेत.

विझवतानासुद्धा लाली गेल्याशिवाय पाण्यात टाकू नको. बारीक तडा जातो, डोळ्याला दिसत नाही, पण ठिणगीच्या वेळी त्या तड्यातून हवा आत घुसते. तेव्हा डाग बघायचा. चांगल्या बर्नला मधे करडा खड्डा आणि भोवती काळं कडं असतं. हवा घुसली की पांढुरका, पसरट डाग पडतो, कडं नाहीच. असा बर्न सरासरीत घ्यायचा नाही, खोडायचा. पुष्कळ लॅबमध्ये डागाकडं कुणी बघतच नाही, सगळे स्क्रीनकडं बघतात.

आणि तुझ्या मालकांच्या रिअल टाइमबद्दल एक जुनी गोष्ट. हे वेड काही नवीन नाही. बेसेमर कन्व्हर्टरच्या ज्वालेकडं स्पेक्ट्रोस्कोप लावून फुंकणी कधी थांबवायची ते ठरवायचं, हे हेन्री रॉस्को नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८६३ मध्ये मांडलं होतं. कार्बन संपत आला की ज्वालेतल्या हिरव्या रेषा विझतात. ना सॅम्पल, ना ग्राइंडर. म्हणजे वितळलेल्या धातूच्या प्रकाशावरून निर्णय घ्यायची कल्पना दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे. लेझरचं सविस्तर नंतर लिहितो, आधी चकती मोड.

भट्टीकाठी

काका, मोडली. बाहेरून दोनेक मिमी पांढरी आणि आत मीठमिरी टाकल्यासारखी करडी. तुम्ही इथं बसून कसं ओळखलंत राव.

शेजारच्या फाउंड्रीतून तांब्याचा मोल्ड मागून आणला, ५ मिमीचा. आज भट्टीतूनच, इनॉक्युलंटच्या आधी सॅम्पल घेतलं. चार्ज कालचाच, त्याच स्क्रॅपचा, तेवढीच सीपीसी. कार्बन ३.४६, ३.४८, ३.४७. सिलिकॉन १.९४ च्या जवळच. म्हणजे सीई (कार्बन इक्विव्हॅलंट: कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसचा तिसरा हिस्सा) ४.१४ येतो. एफजी २६० ला तो जास्तच झाला, आणि मी आजवर वरून कार्बन टाकत होतो! सीआरसी स्क्रॅप (कमी कार्बनच्या पोलादी पत्र्याचं भंगार) वाढवून ३.३० वर आणला, आजचा बार उद्या कळेल.

मालकांना सांगितलं. म्हणाले, बरं झालं, पण लेझरचं काय?

अवकाशवेडा

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर हेच लेझरवालं तंत्र होतं ना, लिब्स? ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सल्फर सापडला तो त्याच्यावरच. नासाची क्युरिऑसिटी तर मंगळावर काही मीटर लांबच्या दगडावर लेझर मारून त्यात काय आहे ते सांगते. चंद्रावर चालतं तर शिरोलीत का चालू नये?

वेर्णा_क्यूसी

मी फाउंड्रीतली नाही, गोव्यात वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत आहे. तरी लिहिते, कारण "रिअल टाइम" हा शब्द आमच्याकडे आधी आला. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ मध्ये त्यावर मार्गदर्शिका काढली आणि त्यानंतर प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी तोच शब्द.

आमच्याकडे एफबीडीला, म्हणजे गोळ्यांचं ओलं ग्रॅन्युल ज्यात गरम हवेवर वाळवतात त्या यंत्राला, एनआयआरचा (इन्फ्रारेडच्या जवळच्या पट्ट्यातल्या प्रकाशाचा) प्रोब बसवलेला आहे. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, त्यावरून ओलावा किती राहिला ते चालू बॅचमध्येच दिसतं. पूर्वी ड्रायर थांबवून, सॅम्पल काढून, कार्ल फिशर (पाणी मोजायची लॅबमधली चाचणी) करून, मग पुढे. आता पडद्यावर रेघ खाली येताना दिसते आणि ठरलेल्या ठिकाणी थांबवतो. अगदी छान चालतं. पण भट्टीकाठीदादा, ते का चालतं ते बघा. ग्रॅन्युल सतत उडत असतं, स्वतःच काचेसमोर येतं, आणि दर क्षणाला नवं येतं. आम्हाला जे मोजायचं तेच प्रकाशासमोर येऊन उभं राहतं. तुमच्या भट्टीत वर स्लॅग असतो. लेझरसमोर येणार तो स्लॅग.

दुसरं. एनआयआरला ओलावा समजत नाही, त्याला फक्त वक्र दिसतो. त्या वक्रावरून २.१ टक्के हा आकडा काढायला आम्ही आधी ढीगभर सॅम्पल कार्ल फिशरवर केली आणि मॉडेलला शिकवलं. पुढे एकदा ग्रॅन्युलचा आकार बदलला, पाणी तेवढंच होतं, तरी रेघ भलतीकडे गेली. विक्रेता म्हणत होता "प्लग अँड प्ले". त्याला मी एकच विचारलं होतं, या आकड्याचा बाप कोण? म्हणजे कुठल्या लॅबच्या निकालावरून तुमचं यंत्र शिकणार? तुमच्या मालकांनाही तेवढं विचारायला सांगा. उत्तर "तुमचाच स्पेक्ट्रो" असं आलं, तर मग स्पेक्ट्रोचं सॅम्पल आधी नीट हवं, जे तुम्ही आत्ता केलंतच.

लॅबवाले काका

ताई, "आकड्याचा बाप कोण" हे मी उचललं. आमच्या वेळी असं विचारणारं कुणी असतं तर पुष्कळ मशीन गोदामात धूळ खात पडली नसती.

अवकाशवेडा, तुझा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही त्यातच आहे. चंद्रावर इस्रोला विचारायचं होतं, सल्फर आहे की नाही? आहे, एवढं उत्तर ही जगभरची बातमी. शिरोलीत कार्बन आहे हे सगळ्यांना माहीत आहे. इथं विचारायचं असतं ३.३० आहे की ३.४७, कारण तेवढ्या फरकानं बार तुटतो. आहे-नाही सांगणं वेगळं आणि किती ते सांगणं वेगळं. लेझरची प्रत्येक ठिणगी थोडी वेगळी पेटते, त्यामुळं दुसऱ्या दशांशाचा भरवसा मिळवायला पुष्कळ ठिणग्यांची सरासरी आणि एकसारखा पृष्ठभाग लागतो. शिवाय चंद्रावर हवाच नाही. तुझ्या माझ्या भट्टीवर हवा आहे, धूर आहे, आणि कार्बनची रेषा तीच १९३ ची, जी ऑक्सिजन गिळतो.

तरी लेझर म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. ज्यांना खरंच वितळलेल्या धातूत मोजायचंय ते धातूत नळी खुपसतात, नळीतून आर्गॉनसारखा वायू सोडत राहतात, म्हणजे टोकाशी स्लॅगखालचा ताजा धातू उघडा पडतो, आणि त्याच नळीतून लेझर आत आणि प्रकाश बाहेर. पोलादात, ॲल्युमिनिअममध्ये, पत्र्यावर जस्त चढवतात त्या टाकीत असे प्रयोग झालेत. जिथं एकच मिश्रधातू दिवसरात्र वाहतोय आणि एक मिनिट म्हणजे टनावारी माल, तिथं त्याचा हिशेब बसतो. तुझी ५०० किलोची भट्टी, सकाळी एफजी, दुपारी एसजी. प्रत्येक ग्रेडला वेगळं कॅलिब्रेशन, नळी झिजणार, काच काजळणार, आणि तिच्यामागं एक माणूस कायमचा. मालकांना म्हणावं, तो माणूस आजच नेमा आणि त्याला ग्राइंडरवर उभा करा.

कारण वेळ जातो कुठं ते घड्याळ लावून बघ. ठिणगी स्वतः अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. बाकीचा वेळ जातो चमचा शोधण्यात, चकती गार होण्यात, घासण्यात, लॅबपर्यंत चालत जाण्यात आणि "रिपोर्ट आला का" म्हणून ओरडण्यात. तोवर भट्टी १५०० च्या वर तापत उभी असते आणि अस्तरातला सिलिका कार्बन खात बसतो. कार्बन उतरतो, सिलिकॉन चढतो. म्हणजे उशिरा आलेला रिपोर्ट बरोबर असला तरी तो मघाच्या बीडाचा असतो, आत्ताच्या नाही. हा तुमच्या मालकांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. रिअल टाइम पाहिजेच. पण तो स्पेक्ट्रो भट्टीच्या जवळच्या खोलीत आणून मिळतो. खोली बंद, एसी चालू, अर्थिंग स्वतंत्र, धूळ आत नाही. कपाट हलवल्यासारखं हलवू नका मात्र, हलवल्यावर परत जुळणी लागते.

आणि भट्टीपाशी सीईचे कप ठेव. टेल्युरियम लावलेला कप, खाली थर्मोकपल. बीड ओतलं की गोठताना तापमान कुठं थबकतं त्यावरून दोन-तीन मिनिटांत सीई मिळतो. टेल्युरियम कशाला, तर ग्रॅफाइट दाबून बीड पांढरंच गोठावं म्हणून. बघितलंस, इथंही पांढरंच! कपाचा सीई आणि स्पेक्ट्रोच्या कार्बन-सिलिकॉनवरून काढलेला सीई रोज एका वहीत शेजारी शेजारी लिहीत जा. दोघांची चाल वेगळी होऊ लागली की सर्व्हिसवाल्याच्या आधी तुला कळेल.

किल्लेदार_देवगड

विषय जरा बाजूला नेतो, पण स्पेक्ट्रोस्कोपचं नाव निघालं आणि विजयदुर्ग नको? १८६८ च्या ग्रहणात सर नॉर्मन लॉकयर यांनी आमच्या विजयदुर्गावरून हेलियम शोधला. साहेबाचे ओटे, म्हणजे त्याच्या दुर्बिणींचे चौथरे, आजही किल्ल्यावर आहेत. येऊन बघून जा सगळे.

लॅबवाले काका

ओटे बघितलेत, किल्लाही. पण साल दुरुस्त करू या. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता, लॉकयर इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाला ग्रहणाशिवायही स्पेक्ट्रोस्कोपनं बघता येतात हे लॉकयरनं त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिथूनच दाखवलं. सोडिअमच्या जोडरेषेजवळची ती पिवळी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, असं मग ठरलं. लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, मोठा लवाजमा घेऊन. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीनं १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातूनही काढला होता. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले नेगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. ओटे खरेच आहेत आणि ग्रहणही खरंच. तीस वर्षं तेवढी इकडची तिकडं झालीत.

किल्लेदार_देवगड

म्हणजे फलक बदलावा लागेल की काय! असो. आंब्याच्या दिवसांत या, बोलू.

भट्टीकाठी

काका, बार २७१ ला तुटला. हार्डनेसपण बसला. मालक लेझरवरून खाली आले, सध्या तांब्याचे दोन मोल्ड आणि सीईचे कप मंजूर झालेत. स्पेक्ट्रोची खोली दिवाळीनंतर बघू म्हणतात.

एकच शंका. एसजीचं काय करू? तिथं मॅग्नेशियमसाठी ट्रीटमेंट झाल्यावरच सॅम्पल घ्यावं लागतं, आणि सीई ४.४ च्या आसपास, मग ते पांढरं पडतच नाही. ५ मिमीलाही मधे करडी झाक राहते.

लॅबवाले काका

राहणारच. एसजीला दोन सॅम्पल लागतात. ट्रीटमेंटच्या आधीचं एक, भट्टीतून, त्याच्यावरून कार्बन आणि सल्फर. ट्रीटमेंटनंतरचं दुसरं, फक्त मॅग्नेशियम, सिलिकॉन, तांबं, मँगनीज यांच्यासाठी. त्या दुसऱ्यावरचा कार्बन रिपोर्टमध्ये लिहूच नको, रकाना मोकळा ठेव. मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ मध्ये बसायला पाहिजे आणि ते लाडलमधून दर मिनिटाला उडतंय, म्हणून ते सॅम्पल आधी घासायचं. दुसरं सॅम्पल ३–४ मिमीवर आणून बघ, पुष्कळ फरक पडेल. सीईचा टेल्युरियमवाला कप ट्रीटमेंटनंतर वापरू नको, मॅग्नेशियम त्या टेल्युरियमलाच धरतं, मग आकडा भरवशाचा राहत नाही.

गिऱ्हाइकाला एसजीच्या अंतिम मालाचा कार्बन हवाच असेल, तर कंबश्चनवर कर. पेन्सिलीएवढी पांढरी पिन ओतायची आणि तिचे तुकडे करून ऑक्सिजनमध्ये जाळायचे. होणारा कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरला इन्फ्रारेड किती शोषतो त्यावरून कार्बन निघतो. तिथं सगळंच जळतं, म्हणून ग्रॅफाइटची लबाडी चालत नाही. फक्त तयार कास्टिंगला ड्रिल मारून भुगा पाठवू नकोस. भुग्यातली ग्रॅफाइटची काळी पूड कागदाला आणि बोटांनाच चिकटून राहते, आणि लॅब बिचारी उरलेल्याचा कार्बन काढते. कोल्हापुरात बाहेरच्या लॅबमध्ये कंबश्चन होतं, महिन्यातून काही पिना पाठवून आपल्या स्पेक्ट्रोशी ताडून बघ.